चुना न लावलेली हातभर भिंत

बिरड्याचा सण होऊन पंधरा दिवस लोटले. हे नाव आमच्या नातवंडांना ठाऊक नाही. त्यांच्या लेखी तो तिशा बेआव. परंतु कोकणातील आमच्या वाडवडिलांनी सणांना नावे दिली ती चुलीवरून: खिरीचा सण, नव्याचा सण, बिरड्याचा सण. वर्षातील सर्वांत मोठ्या शोकाचा दिवस, दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा, आणि त्यास नाव मिळाले ते वालाच्या उसळीचे, याचे परक्यांस हसू येते. आम्हांस येत नाही. ज्यांनी कधी स्वतः बिरडे सोलले आहे त्यांस ठाऊक आहे की ते घाईचे काम नव्हे. वाल भिजत घालावयाचे, फडक्यात बांधून मोड आणावयाचे, मग कोमट पाण्यात टाकून दाणा न दाणा चिमटीत धरून साल काढावयाची. घरातील बायका परातीभोवती बसत आणि अख्खी दुपार त्यात जाई. सणामागील इतिहासाचा तपशील मधल्या शतकांत पुसट झाला असेल. हातांचे काम मात्र चुकले नाही.

हे सारे आज आठवण्यास एक गोधडी कारण झाली आहे. घरच्या गोष्टी या सदरात आणावयाच्या नाहीत असा आमचा आजवरचा नेम. तो यंदा आम्ही मोडीत आहोत, आणि जिच्यापायी मोडीत आहोत त्या आमच्या थोरल्या बहिणीची अनुमती घेऊनच मोडीत आहोत. अनुमती देताना ती एवढेच म्हणाली, "लिही, पण मला शहाणी करू नकोस."

ताई दिमोना येथे राहते. आमचे भावोजी सदोमजवळच्या पोटॅशच्या कारखान्यात तीस वर्षे कामास होते. पहाटे बस, दुपारी उशिरा परत. अंगावरचा निळा सदरा संध्याकाळी मिठाने पांढरा झालेला. त्यांचे काम पंपांवरचे. क्षारसमुद्राचे पाणी उपसून कालव्याने दक्षिणेच्या उथळ तळ्यांत सोडावयाचे, तेथे उन्हाने ते आटवावयाचे आणि उरलेल्या क्षारांतून पोटॅश काढावयाचा. भावोजी म्हणत, आपल्या पेण-उरणची मिठागरे आणि ही तळी यांत फरक काय तो आकाराचा. सुटीच्या दिवशी मात्र हे गृहस्थ त्याच समुद्रावर जात, एन गेदीच्या बाजूस. तेथे पाण्यात उतरावयास सिमेंटच्या पायऱ्या होत्या. आरंभीच्या वर्षांत शेवटच्या पायरीवर बसले की पाय पाण्यात असत. ताई डबा सोडी, भावोजी पाण्यावर उताणे पडून राहत. या समुद्रात बुडता येत नाही, याचे त्यांना अखेरपर्यंत नवल वाटे.

ते २००४ सालच्या हिवाळ्यात गेले. पहिली अझ्कारा आटोपल्यावर, कद्दीश म्हणून लोक पांगल्यावर, ताईने मुलीला गाडी काढावयास लावली व ती त्या पायऱ्यांवर जाऊन बसली. पाणी दूर गेले होते. ते दूर जात आहे हे तिला ठाऊक होते, भावोजींच्या हयातीतही ते जातच होते. परंतु तेव्हा दोघे बोलत बोलत चालत आणि अंतर लक्षात येत नसे. त्या दिवशी एकटीने चालताना तिने पावले मोजली. घरी आल्यावर भावोजींचा एक कारखान्याचा सदरा उसवला, त्याची एक लांब पट्टी कापली, आपल्या आईच्या जुन्या नऊवारीचे अस्तर आत घातले आणि धावदोरा घातला. एका पावलास एक टाका.

दुसऱ्या वर्षी दुसरी पट्टी. तिसऱ्या वर्षी तिसरी. पट्टीची लांबी तीच, परंतु टाके दरसाल वाढत गेले, म्हणून ओळींवर ओळी दाटत गेल्या. आज ती गोधडी पसरली तर एका कडेला टाके विरळ आहेत, हात फिरवला तर कापड मऊ लागते. पलीकडे सरकावे तसतसे ते दाट, कडक होत जाते, जणू कापडास खार चढला आहे. कोणतेही चित्र नाही, नक्षी नाही. नुसते टाके.

आम्ही ही गोधडी प्रथम पाहिली तेव्हा आम्हांस ती आवडली नाही, हे प्रांजळपणे लिहितो. त्या वेळी चार-पाच पट्ट्या झाल्या होत्या. आम्ही ताईस सांगितले की आपल्या धर्माने दुःखास माप घालून दिले आहे. तीन दिवस रडण्यास, सात दिवस विलापास, तीस दिवस केस व कपडे यांची हौस न करण्यास. पतीसाठी तीस, आईबापांसाठी वर्ष. त्यापुढे जो रडतो त्यास आपले ऋषी विचारतात की देवापेक्षा तुला त्या मृताची अधिक दया आहे काय. हे सर्व आम्ही बसल्या बैठकीस सांगितले, आणि वर अशीही पुस्ती जोडली की दुःख असे शिवून घरात ठेवू नये. ताई ऐकत राहिली. मग म्हणाली, "मी कुठे रडतेय? मी मोजतेय."

या उत्तराचा अर्थ आमच्या ध्यानी यावयास बरीच वर्षे गेली. प्रथम समुद्राविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण आपण सर्वजण या देशात राहतो व तरीही या गोष्टीकडे सहलीला गेल्याखेरीज पाहत नाही. क्षारसमुद्राची पातळी विसाव्या शतकाच्या आरंभी सागरसपाटीच्या खाली सुमारे ३९० मीटर होती. आज ती ४३८ मीटरांहूनही खाली आहे आणि दरसाल मीटरभराहून अधिक खाली जात आहे. कारण गूढ नाही. या समुद्रास पाणी पुरविते ती यार्देन नदी, आणि तिचे पाणी वरच्या वर वळविले गेले आहे. आपल्या देशाने किन्नेरेत तळ्यातून उपसा करून राष्ट्रीय जलवाहिनी १९६४ साली चालू केली. जॉर्डन व सीरिया यांनीही यार्मूकचे पाणी आपापल्या शेतांकडे नेले. जे थोडे खाली पोहोचते त्यास नदी म्हणणे हा उपचार झाला. आणि समुद्रात जे उरते त्यातील काही हिस्सा दोन्ही काठांवरचे खनिज कारखाने उपसतात.

१९६४ हे साल आपल्या समाजाने वेगळ्याच कारणाने लक्षात ठेवले आहे. आपण पूर्ण यहुदी आहोत की नाही या वादात आपली माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये क्नेसेतने आपल्या बाजूने कौल दिला. तेव्हा नळास कोठले पाणी येते हे विचारण्याची कोणास उसंत होती? नेगेवमध्ये नळ सोडला की पाणी येते याचेच अप्रूप. बेरशेबा, दिमोना, येरुहाम येथे आपल्या बायकांनी अंगणात कढीपत्ता आणि अळू लावले ते त्याच पाण्यावर. या समुद्राचे पाणी कोणी नेले असे विचारले, तर थोडे आम्हीही नेले, हे मान्य करावयास हवे.

ताईस हे आमच्या आधी कळले होते. एकदा आम्ही विचारले की भावोजींचे चांगले शब्बाथचे सदरे पेटीत असताना ती कारखान्याचेच जाडेभरडे कापड का घेते. ती म्हणाली, "पाणी तळ्यांत सोडायचं काम ह्यांचंच होतं ना? मग दुसरं कापड कशाला?" त्यात दोषारोप नव्हता. त्या पगारावर तीन मुले शिकली, हे ती विसरलेली नाही.

असो. पुढची गोष्ट अशी की समुद्र मागे हटला तसा उघडा पडलेला किनारा पोकळ होऊ लागला. जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वीचा मिठाचा थर आहे. समुद्र होता तोवर तेथवर खारे पाणी भिनलेले असे व थर शाबूत राही. आता त्या जागी डोंगराकडून येणारे गोडे पाणी शिरते, मीठ विरघळविते, पोकळी होते आणि एके दिवशी वरची जमीन खाली बसते. इब्रानीत या खड्ड्यास बोलान म्हणतात, म्हणजे गिळणारा. १९८० च्या दशकापासून असे खड्डे पडत आले आणि आज त्यांची संख्या काही हजारांवर आहे. खजुराच्या बागा सोडून द्याव्या लागल्या, रस्ते वळवावे लागले, २०१५ साली मिनरल बीच या नावाचा प्रसिद्ध किनारा बंद झाला. त्याच सुमारास ताईच्या पायऱ्यांकडे जाणाऱ्या वाटेवरही कुंपण आले आणि पाटी लागली. विचित्र असे की दक्षिणेस एन बोकेकच्या हॉटेलांसमोर पाणी चढते आहे, कारण तेथे समुद्र उरलेला नाही, ते आटवणीचे तळे आहे, आणि त्याच्या तळाशी साचणाऱ्या मिठाने पाणी वर उचलले जाते. सहलीस गेलेला मनुष्य ते भरलेले तळे पाहून संतुष्ट मनाने परत येतो.

कुंपण आले त्या वर्षी ताई रस्त्यावरून पाहून परतली. पावले मोजता आली नाहीत. तिने पांढऱ्या मांजरपाटाची एक पट्टी कापली, अस्तर घातले, चारी कडा शिवून घेतल्या आणि मध्ये एकही टाका घातला नाही. त्यानंतर गोधडी वाढली नाही.

ज्यांनी गोधडी शिवली आहे त्या भगिनी येथे मान हलवतील, कारण धावदोरा ही गोधडीची शोभा नव्हे, तो तिचा सांधा आहे. टाके नसले की आतील थर धरून राहत नाहीत. सरकतात, गोळा होतात, कोठे जाड तर कोठे नुसते दोन पदर. आमची भाची हाताने चांगली आहे. तिने कितीदा म्हटले, "आई, चार ओळी घालून देते, निदान वापरायला नीट होईल." ताई म्हणते, राहू दे.

याच सुमारास ताईची नात, जी चित्रकलेच्या शाळेत शिकते, एक पुस्तक घेऊन आली. त्यात सिगालित लांदाऊ या जेरुसलेम येथे जन्मलेल्या कलावतीच्या कामाची छायाचित्रे होती. या बाईंनी क्षारसमुद्र हीच आपली कार्यशाळा केली आहे. त्यांनी २०१४ साली एक लांब काळा झगा समुद्रात बुडवून टांगून ठेवला. दिवसेंदिवस त्यावर मिठाचे स्फटिक बसत गेले व ठराविक काळाने पाण्याखाली त्याची छायाचित्रे घेण्यात आली. पहिल्या छायाचित्रात झगा काळा आहे, शोकाचा. शेवटच्यात तो शुभ्र आहे, जाड, चमकणारा, वधूचा. या चित्रमालेचे नावच मिठाची वधू असे आहे. हे स्फटिक बसतात कशामुळे, हे लक्षात घेतले म्हणजे अंगावर काटा येतो. पाणी इतके आटले आहे की १९८० च्या दशकाच्या आरंभापासून समुद्रातले मीठ त्यातच राहीनासे होऊन तळाशी बसत आले आहे. ज्या कारणाने समुद्र मरतो आहे त्याच कारणाने तो झगा नटला.

तो झगा कोणाचा, हेही सांगण्याजोगे आहे. 'दिब्बुक' या नाटकातील लेआ या नायिकेच्या वेषावरून तो बेतलेला आहे, जी भूमिका हाबिमा नाट्यसंस्थेत हान्ना रोविना यांनी १९२२ साली मॉस्कोत केली. लेआचा प्रियकर मरतो आणि तिच्या लग्नाच्या दिवशी त्याचा अतृप्त आत्मा तिच्यात शिरतो. आपल्या कोकणात यास झपाटणे म्हणतील. नाटककार अन-स्की याने पहिल्या महायुद्धापूर्वी युक्रेनमधील यहुदी खेड्यांतून हिंडून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या कथा, गाणी, ताईत, चालीरीती गोळा केल्या, कारण ते जग डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे हे त्यास दिसत होते. त्या साहित्यातून हे नाटक झाले. ते रंगभूमीवर आलेले पाहणे त्याच्या नशिबी नव्हते. तो १९२० च्या नोव्हेंबरात वारला, आणि विल्नाच्या नटमंडळीने त्याच्या मृत्यूचे तीस दिवस भरले तेव्हा वॉर्सा येथे नाटकाचा पहिला प्रयोग केला. शेलोशीम पाळण्याची ही रीत आम्हांस फार योग्य वाटते. रडणे थांबवावयाच्या दिवशी त्यांनी मृताचे अपुरे राहिलेले काम उभे केले.

नात म्हणाली, "आजी, बघ, तुझ्यासारखंच." ताईने चष्मा लावून बराच वेळ पाहिले. मग म्हणाली, "हा झगा फार जड झाला असेल. उचलला कसा?" वस्तुतः तो उचलणे कठीणच असणार. ताई मिठाचे वजन जाणते. तीस वर्षे तिने ते सदऱ्यांतून धुऊन काढले आहे.

समाजाच्या मंडळाने मध्यंतरी हस्तकलेचे प्रदर्शन भरविले, तेव्हा नातीच्या आग्रहाने गोधडी तेथे गेली. ती भिंतीवर टांगण्यात आली, खाली एक चिठ्ठी लावण्यात आली आणि पर्यावरणाविषयी दोन शब्दही बोलण्यात आले. लोकांनी कौतुक केले. तिसऱ्या दिवशी ताईचा दूरध्वनी आला: "थंडी पडली आहे, माझी गोधडी परत पाठवा." मंडळींस वाटले, म्हातारीस किंमत कळत नाही. आमचे मत तसे नाही. टांगलेल्या गोधडीस पाहणारे बरे-वाईट म्हणतात व पुढच्या टेबलाकडे जातात. पांघरलेली गोधडी दररोज रात्री अंगावर असते आणि तिच्यात काय कमी आहे ते अंगास कळते. नातीने केले तेही चुकीचे नव्हते. दोन दिवसांत दिमोनातील दोनशे माणसांनी तरी त्या पट्ट्यांवरून हात फिरविला. परंतु प्रदर्शन संपले की वस्तू घरी जावी, हेच बरे.

टाके न घातलेल्या पट्टीचे कोडे आम्हांस एका शब्बाथच्या दुपारी सुटले असे वाटले. तल्मुदात, बाबा बात्रा या भागात, अशी कथा आहे. मंदिराचा विध्वंस झाल्यावर पुष्कळ लोकांनी मांस व द्राक्षारस सोडला. अर्पण बंद झाले तर आम्ही मांस कसे खावे, असे ते म्हणत. रब्बी यहोशूआ त्यांस म्हणाले, मग भाकरीही सोडा, कारण धान्याचे अर्पणही बंद आहे. पाणीही सोडा, कारण पाण्याचे अर्पणही बंद आहे. लोक गप्प झाले. तेव्हा रब्बींनी सांगितले की मुळीच शोक न करणे आपल्याच्याने होणार नाही, आणि अतिशोक करणेही होणार नाही. म्हणून मनुष्याने आपले घर चुन्याने रंगवावे व थोडी जागा तशीच सोडावी. किती? तर हातभर लांब, हातभर रुंद. दारासमोर, येता-जाता दिसेल अशी.

सोबत दुसरा एक नियमही आम्हांस आठवला, जो शिवणाशीच संबंधित आहे. मृत्यूची वार्ता कळताच आपण वस्त्र फाडतो. पती, पत्नी, भाऊ, बहीण, मूल यांच्यासाठी फाडलेले वस्त्र तीस दिवसांनी नीट शिवता येते. आईबापांसाठी फाडलेले मात्र कधीही पूर्ण शिवावयाचे नाही. ओबडधोबड टाके घालून चालवावयाचे. आणि याच यादीत, आईबापांच्या शेजारी, ऋषींनी जेरुसलेमचा व यहूदातील नगरांचा विध्वंस घातला आहे. ती नगरे पडलेली पाहून जो वस्त्र फाडतो त्यानेही ते पूर्ण शिवावयाचे नाही. यहोशवाच्या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायात यहूदातील नगरांची गणती आहे, तीत अरण्यातील नगरांच्या शेवटी मिठाचे नगर व एन गेदी ही नावे लागोपाठ येतात. नियम अर्थातच शत्रूने केलेल्या नाशासाठी आहे. आपल्याच पंपांनी आटविलेल्या पाण्यास तो लागू होतो की नाही, हे रब्बींनी सांगावे, आम्ही सदर लिहिणारे. एवढे मात्र खरे की ती पट्टी शिवू पाहणारी आमची भाची ही मुलगी आहे, पत्नी नव्हे. तीस दिवसांनी शिवण्याची मुभा ताईस होती. तिला नव्हती.

हे सारे आम्ही मोठ्या उत्साहाने ताईस दूरध्वनीवरून सांगितले. हातभर भिंतीची कथा तिने लक्ष देऊन ऐकली आणि म्हणाली, "भाऊ, त्या रब्बींच्या घरी चुना कमी पडला असेल." मग थोड्या वेळाने, "माझ्या बाबतीत तसंच झालं. पावलं कमी पडली." सारांश, आम्ही ग्रंथ काढून अर्थ लावीत होतो, आणि तिचे म्हणणे असे की जे मोजलेच नाही ते शिवणार कसे. खोटे टाके घालावयाचे काय?

गेल्या शेवाट महिन्यात अझ्कारेस आम्ही दिमोनास गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ताईस घेऊन गाडीने खाली उतरलो. सदोमच्या डोंगरावर लोटाची बायको म्हणून दाखवितात तो मिठाचा खांब उजेडात स्पष्ट दिसत होता. बिचारीने मागे वळून पाहिले, एवढाच तिचा अपराध. आम्ही लहानपणी ही कथा आज्ञाभंगाची म्हणून शिकलो. या वयात वाटते की मागे तिचे घर जळत होते, कोण वळून पाहणार नाही? ताईने गाडी थांबवू दिली नाही. "तिला काय बघायचं, ती उभीच आहे," म्हणाली.

एन गेदीजवळ रस्त्याच्या कडेस उभे राहिलो. कुंपण, पाटी, मधला तपकिरी उतार, जागोजाग बसलेली जमीन, आणि फार खाली निळ्या पाण्याची रेघ. पायऱ्या दिसत होत्या. कशातच न उतरणाऱ्या पायऱ्या. ताईने काठी टेकून बराच वेळ पाहिले. मग विचारले, "किती पावलं असतील रे?"

आम्ही अंदाज केला. "हजार तरी असतील, ताई."

"चाललास?"

"नाही."

"मग नको."

डब्यातील पोहे आम्ही गाडीतच खाल्ले. परतताना आम्ही तिला अरादवरून घरी नेले, आणि रात्री थंडी फार म्हणून तिने हट्टाने तीच गोधडी आमच्या अंगावर घातली.

दुसऱ्या दिवशी आम्ही एकटेच उत्तरेच्या वाटेने निघालो, कारण एन फेश्काजवळचा एक खडक पाहावयाचा होता. १९०० साली पॅलेस्टाइन एक्स्प्लोरेशन फंड या इंग्रज संस्थेच्या माणसांनी त्या खडकावर एक रेघ व आपली तीन अक्षरे कोरली. समुद्राचे पाणी तेव्हा त्या खडकाच्या पायथ्याशी होते. जेरुसलेममधील मास्टरमन नावाचे डॉक्टर त्या रेघेपासून पाण्यापर्यंतचे अंतर १९१३ पर्यंत पुनःपुन्हा येऊन मोजीत राहिले. समुद्र आटणार आहे असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. तरीही मनुष्य यावा आणि मोजून जावा. आज ती रेघ रस्त्याच्या वर, उन्हात, माणसाच्या हाती न लागेल अशी आहे, आणि समुद्र रस्त्याच्या दुसऱ्या बाजूस खूप खाली. मोटारी मधून भरधाव जातात. आम्ही मान वर करून ती खूण शोधली, मग पाठ फिरवून पाण्याकडे पाहिले, आणि प्रामाणिकपणे सांगतो, आम्हांसही पावले मोजण्याची इच्छा झाली. येथेही उतारावर पाटी होती.

ताईच्या घरी त्या रात्री आम्हांस झोप तशी चांगली लागली. निळ्या पट्ट्यांखाली ऊब होती. कारखान्याचे कापड वाऱ्यास दाद देत नाही. पहाटे मात्र जाग आली ती पायांशी गार लागून. पांढऱ्या पट्टीतील अस्तर रात्रभरात सरकून एका कोपऱ्यात गोळा झाले होते, आणि तेवढ्या हातभर जागेत नुसते दोन पदर उरले होते. आम्ही चाचपून अस्तर सारखे केले. ताई स्वयंपाकघरात उठलेली होती, चहाचे आधण ठेवल्याचा आवाज आला. तिने दारातून पाहिले आणि विचारले, "सरकलं का?"

"सरकलं," आम्ही म्हणालो.

"रोज सरकतं," ती म्हणाली, आणि चहात आले किसू लागली.